विद्युद्वाहिनीचे अंदाजपत्रक

नाशिकहून सिन्नरच्या, दिंडोरीच्या वा निफाडच्या वाटेने बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला द्राक्षांच्या मांडवांवरून, कांद्याच्या वाफ्यांवरून आणि उघड्या माळांवरून गेलेल्या पोलादी मनोऱ्यांची रांग फार वेळ सोबत करते; आणि त्यांतला प्रत्येक मनोरा कोठे उभा राहील, त्याच्या पायात किती काँक्रीट जाईल, त्याच्या भुजांवरून कोणती तार ओढली जाईल व या साऱ्याला किती रुपये लागतील, हे तो उभा राहण्याच्या पुष्कळ आधी कोणा अभियंत्याने कागदावर मांडलेले असते. या कागदाकडे पाहण्याची आपल्याकडील दृष्टी उदासीन आहे. मनोरा दिसतो, उपकेंद्रातील रोहित्राची घरघर ऐकू येते. अंदाजपत्रक दप्तरात बांधले जाते. तरीही माझे मत असे, की या क्षेत्रातील अभियंत्याच्या बुद्धीची आणि त्याहून अधिक त्याच्या सचोटीची खरी परीक्षा कोठे होत असेल, तर ती या कागदावर होते.

या विद्येच्या परिचयासाठी नाशिकइतके सोयीचे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. एकलहरे येथील औष्णिक केंद्रात १९७० व १९७१ साली प्रत्येकी १४० मेगावॉटचे दोन संच आणि १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच सुरू झाले, आणि तेथे निर्माण होणारी वीज वाहून नेण्यासाठी उच्चदाब वाहिन्यांचे जाळे चहूकडे पसरले. पहिले दोन संच पुढे निवृत्त झाले, वाहिन्या राहिल्या. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत उच्चदाबाचे सर्किट ब्रेकर तयार होतात. सातपूरला मनोऱ्यांचे पोलाद कापून, भोके पाडून, जस्ताचा मुलामा देऊन बाहेर पडत आले. आणि घोटीला ज्योती स्ट्रक्चर्सने उभारलेल्या चाचणी केंद्रात नव्या आराखड्याचा पूर्णाकृती मनोरा उभा करून, त्याला दोरखंडांनी टप्प्याटप्प्याने ओढून, गरज पडल्यास मोडेपर्यंत ताणून पाहिला जाई. दिंडोरी रस्त्यावर माती आणि बांधकाम यांचा अभ्यास करणारी ‘मेरी’ ही शासकीय संशोधन संस्था १९५९ पासून आहे. राज्य वीज मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन झाल्यावर पारेषणाचा कारभार ‘महापारेषण’ या कंपनीकडे आला, आणि तिचे एक परिमंडळ नाशिकला आहे. तात्पर्य, ज्या वस्तूंची किंमत करावयाची त्या वस्तू आणि किंमत करणारी माणसे येथे एका गावात राहतात.

अंदाजपत्रकाचा आरंभ दरसूचीपासून होतो अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते, आणि कचेरीतील काही मंडळीही दुर्दैवाने तसेच मानून चालतात. कंपनीच्या ‘कॉस्ट डेटा’त अमुक दाबाच्या वाहिनीला प्रतिकिलोमीटर इतका खर्च असा आकडा मिळतो; नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजावे, गुणाकार करावा, वर काही टक्के आकस्मिक खर्चाची तरतूद धरावी, की फाइल पुढे सरकते. योजनेच्या प्राथमिक विचाराला हे पुरेसे असेल. परंतु ज्या आकड्यावर नियामक आयोगाची मंजुरी मागावयाची, कर्ज उभारावयाचे आणि निविदा काढावयाच्या, तो आकडा पायी चालून मिळवावा लागतो. प्रथम वाहिनीच्या दोन-तीन संभाव्य मार्गांची फिरती पाहणी, नंतर तपशीलवार सर्वेक्षण, नंतर खुंट्या ठोकून पडताळणी, हा जुना शिरस्ता आहे. थिओडोलाइट गेला, टोटल स्टेशन आले, आता ड्रोनही आले. तथापि विहीर कोठे आहे, नवे घर कोणाचे बांधून चालले आहे आणि ओढ्याला पूर आला की पाणी कोणत्या बांधापर्यंत चढते, हे अजून गावातल्या माणसालाच विचारावे लागते.

सर्वेक्षणातून निघतो तो जमिनीचा उभा छेद, म्हणजे प्रोफाइल: आडवे प्रमाण १:२०००, उभे १:२००. उंचसखलपणा असा दहापटीने ठसठशीत झालेल्या त्या लांबच लांब कागदावर जुने अभियंते पारदर्शक सेल्युलॉइडचा एक साचा ठेवीत, त्याला ‘सॅग टेम्प्लेट’ म्हणतात. उन्हाने आणि विद्युत्प्रवाहाने तापून तार जास्तीत जास्त किती झोळ धरील याचा वक्र त्याच्या वरच्या अंगाला. त्याखाली जमिनीपासून राखावयाच्या किमान अंतराचा वक्र, २२० किलोव्होल्टच्या वाहिनीला हे अंतर ७.०१५ मीटर आहे. आणि सर्वांत खाली मनोऱ्याच्या पायाचा वक्र. मधला वक्र जमिनीच्या रेषेला कोठेही छेदू न देता साचा सरकवीत न्यावा, आणि खालचा वक्र जमिनीला जेथे मिळेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. ती पुढच्या मनोऱ्याची जागा. टेकाड आडवे आले की प्रश्न उभा राहतो: एक मनोरा वाढवावा, की आहे त्याच मनोऱ्याला तीन मीटरचा जोड देऊन उंच करावा? हिवाळ्यात तार आखडली म्हणजे खोलगटातला मनोरा वर उचलला जाण्याचा धोका असतो, त्यासाठी थंड तारेचा वेगळा वक्र लावून पाहावा लागतो. हे काम आता संगणकावर होते व फार वेगाने होते. परंतु साचा हाताने सरकविलेल्या माणसाला प्रत्येक मनोऱ्यामागचे कारण जसे तोंडपाठ असे, तसे आज क्वचित आढळते, याची मला खंत वाटते.

एक उदाहरण घेऊ. समजा, २२० किलोव्होल्टची तीस किलोमीटरची डबल सर्किट वाहिनी उभारावयाची आहे. दोन सर्किटांच्या मिळून सहा तारा, म्हणजे १८० किलोमीटर ‘झेब्रा’ तार. झोळ आणि जंपर यांसाठी दीड टक्का धरला तर १८३ किलोमीटरच्या आसपास. (तारांना प्राण्यांची नावे देण्याची रीत जुनी आहे: १३२ ला ‘पँथर’, २२० ला ‘झेब्रा’, ४०० ला ‘मूस’.) झेब्राचे वजन किलोमीटरला १,६२१ किलो, त्यांपैकी अॅल्युमिनियम सुमारे १,१८० किलो, बाकीचे पोलाद. म्हणजे या एका वाहिनीत सुमारे २१५ टन अॅल्युमिनियम आहे, आणि लंडनच्या धातुबाजारातील उलथापालथीने किलोमागे दहा रुपये चढले, तर साडेएकवीस लाखांचा फरक पडतो. मनोऱ्यांतील सर्वसाधारण अंतर ३५० मीटर, म्हणून मनोरे सुमारे नव्वद. सरळ रेषेतला ‘ए’ प्रकारचा मनोरा हलका. वाहिनी १५, ३० वा ६० अंशांपर्यंत वळली, की अनुक्रमे ‘बी’, ‘सी’, ‘डी’ हे अधिकाधिक जड मनोरे लागतात, आणि ‘डी’चे पोलाद ‘ए’च्या दुपटीहून अधिक भरते. वळण टाळणे म्हणजे पैसा वाचविणे. म्हणून कागदावर सरळ रेषेचा मोह अनावर असतो. मात्र ती सरळ रेषा नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याजवळून, ओझरच्या धावपट्टीच्या टप्प्यातून वा देवळालीच्या लष्करी हद्दीतून गेली, तर वाचविलेल्या पोलादाच्या अनेकपट काळ परवानग्यांत जातो.

पायाचे प्रकरण याहून बिकट. निफाडच्या कालव्याखालच्या काळ्या जमिनीत चार हात खणले की पाणी लागते. तेथे पाया रुंद, काँक्रीट जास्त, पाणी उपसण्याचा खर्च वेगळा. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला बेसाल्टचा कातळ; तेथे काँक्रीट कमी, पण खणाईचा दर निराळा, आणि भातखाचरांतून पावसाचे चार महिने पाऊलही टाकता येत नाही. अंदाजपत्रकात मात्र नव्वद मनोऱ्यांपैकी इतके कोरड्या जमिनीत, इतके काळ्या मातीत, इतके कठीण कातळात अशी टक्केवारी आधीच घालावी लागते. काही ठिकाणी परीक्षणाचे खड्डे घेऊन, माती तपासून ती घालणे हा एक मार्ग. मागच्या कामाच्या अंदाजपत्रकातून उतरवून घेणे हा दुसरा. दोन्ही कागद मंजुरीला जातात तेव्हा सारखेच दिसतात. फरक कळतो तो मक्तेदाराची माणसे ‘स्टब’, म्हणजे मनोऱ्याच्या पायांचे काँक्रीटात रोवावयाचे तुकडे, बसवावयास उतरतात तेव्हा, आणि त्या वेळी परिमाणवाढीच्या प्रस्तावावर सही करण्यावाचून वरिष्ठांपुढे पर्याय राहिलेला नसतो.

उपकेंद्राचे अंदाजपत्रक वेगळ्या जातीचे. येथे एकक किलोमीटर नसून ‘बे’ असते: एका वाहिनीसाठी वा एका रोहित्रासाठी लागणारा ब्रेकर, आयसोलेटर, सीटी व पीटी ही मापनाची रोहित्रे, तडितरोधक यांचा एक संपूर्ण संच. यंत्रसामग्री मोजून घेता येते, म्हणून चूक तेथे सहसा होत नाही. चूक होते ती जमिनीखाली आणि जमिनीवर. चार हेक्टर जागेत सरासरी एक मीटर भराव म्हणजे चाळीस हजार घनमीटर मुरूम. जागा फुकट मिळाली म्हणून उताराची वा सखल घेतली, तर फुकटाची किंमत येथे वसूल होते. खाली पुरावयाच्या अर्थमॅटचे, म्हणजे अर्थिंगच्या जाळीचे, पोलाद त्या मातीच्या विद्युत्रोधावर ठरते, आणि आवारात पसरलेली खडी ही शोभेची वस्तू नव्हे. दोष उद्भवला असता आवारात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांतून प्रवाह जाऊ नये म्हणून तिचा थर आहे. काटकसरीच्या कात्रीत पहिल्यांदा हीच खडी सापडते. ज्याने ती कापली त्याने वायरमनच्या जिवाच्या तरतुदीतून पैसे काढले, असेच मी म्हणेन.

रोहित्राच्या बाबतीत या विद्येने एक फार शहाणी रीत पाडली आहे. रोहित्र भार असो वा नसो, जोडलेले असेतोवर थोडी वीज स्वतःच खात असते; एक किलोवॉटचा असा अखंड व्यय म्हणजे वर्षाला ८,७६० युनिटे. म्हणून निविदांची तुलना करताना रोहित्राच्या आयुष्यभरातील व्ययाचे आजचे मूल्य काढून ते खरेदीच्या किमतीत मिळवितात, आणि मग कळते की स्वस्त देणारा महाग पडतो. तांबे, चुंबकीय पत्रा, तेल, मजुरी यांचे भाव चढले-उतरले तर किंमत कशी बदलावी याची ‘इमा’ या उत्पादक संघटनेची सूत्रे सर्वमान्य आहेत, आणि त्यांमुळे पुरवठादार भीतीपोटी आधीच भाव चढवून सांगत नाही.

परंतु ज्या रकमेवर या साऱ्या हिशेबाची खरी कसोटी लागते, ती रक्कम दीर्घकाळ अंदाजपत्रकाच्या शेवटल्या पानावर एका ओळीत उरकली जात असे: पीकनुकसानीची भरपाई. आपल्या उदाहरणातील नव्वद मनोऱ्यांच्या पायाखालची सगळी जमीन एकत्र केली तरी एक हेक्टर भरत नाही. उलट २२० किलोव्होल्टच्या वाहिनीचा पट्टा ३५ मीटर रुंद. तीस किलोमीटरला १०५ हेक्टर. या १०५ हेक्टरांत शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर कायम राहते, पण त्याला तेथे घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही, आणि जमीन विकावयास काढली तर गिऱ्हाईक तारेकडे बोट दाखवून भाव पाडते. १८८५ च्या तार अधिनियमातील अधिकार वीज कायद्याच्या कलम १६४ अन्वये वाहिनी उभारणाऱ्यास मिळतात. त्या अधिकारांच्या बळावर पीक आणि झाडे यांची भरपाई देऊन काम पुढे रेटण्याची वहिवाट पडली होती. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालच्या जमिनीस तिच्या मूल्याच्या ८५ टक्के व पट्ट्यास कमाल १५ टक्के मोबदला सुचविला. जून २०२४ च्या सूचनांत हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्क्यांवर नेले. हा बदल उशिरा झाला, पण न्यायाचा झाला.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न विशेष तीव्र आहे, कारण येथे तारेखाली द्राक्षबाग असते. मांडव बुटका, म्हणून उंचीची अडचण नाही. पण मांडव लोखंडी तारांचा, आणि वरची वाहिनी त्याला समांतर गेली तर त्या तारांत विद्युत्दाब प्रवर्तित होतो, म्हणून मांडवाला अर्थिंग करून देणे आवश्यक ठरते. ते अंदाजपत्रकात धरले आहे का, हे मी प्रथम पाहीन. दुसरे पाहीन वेळापत्रक. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग फळावर येते, जानेवारीपासून माल उतरतो, आणि मग एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत तार ओढली तर नुकसान अल्प, घड लागलेले असताना ओढली तर बागाईतदाराचे वर्ष बुडाले. एकाच शेतातले एकच काम, आणि पंचनाम्यातील आकडा महिन्यावर ठरतो. हे ज्ञान कोणत्याही दरसूचीत नाही.

आणि शेतकऱ्याला कमी देऊन वाचविलेला पैसा राहतो कोठे? समजा, योजना शंभर कोटींची आहे, त्यांपैकी रूढीप्रमाणे सत्तर कोटी कर्ज, व्याज ९ टक्के. सर्व कर्ज उचलून झाले, अठ्ठ्याऐंशी मनोरे उभे राहिले, आणि दोन मनोऱ्यांच्या जागी वाद पेटून काम वर्षभर अडले, तर बांधकामकाळातील व्याजच सहा कोटी तीस लाख होते. वीज मात्र एक युनिटही वाहत नाही. हे व्याज भांडवली खर्चात मिळून नियामक आयोगापुढे जाते, आणि आयोगाने मान्य केलेला भाग वीजबिलातून गोरगरिबांच्या घरी पोचतो. भरपाईची ओळ उदारपणे भरणे हा म्हणूनच परोपकार नव्हे. तो हिशेबाचाच भाग आहे. न्याय्य मोबदल्यास विलंब करणारे अंदाजपत्रक अखेरीस सर्वांत खर्चिक ठरते.

वाहिनी कार्यान्वित झाल्यावर पूर्तता अहवाल तयार होतो: मंजूर रक्कम एका रकान्यात, प्रत्यक्ष खर्च दुसऱ्या रकान्यात, फरकाचा खुलासा तिसऱ्या रकान्यात. तिसऱ्या रकान्यात बहुधा ‘भाववाढ’ आणि ‘जागेवरील परिस्थितीनुसार’ असे ठरीव शेरे असतात. त्याऐवजी, अमुक क्रमांकाच्या मनोऱ्याला कोरडी जमीन धरली होती व पाणी लागले, अमुक गटात भरपाई तिप्पट द्यावी लागली आणि का, असे तेथे लिहिले गेले पाहिजे. कारण पुढील वर्षीचा ‘कॉस्ट डेटा’ करणाऱ्या अभियंत्याला निफाडच्या मातीविषयी आणि निफाडच्या शेतकऱ्याविषयी लेखी असे जे काही मिळावयाचे, ते त्याच रकान्यातून मिळावयाचे आहे.