उष्णोदकाची स्थलनामे

जर्मनीतील वीसबाडेन या नगराचा इतिहास त्याच्या नावांतच साठविलेला आहे. रोमन लोक त्यास 'आक्वे मात्तिआकोरुम', म्हणजे 'मात्तिआकी जमातीची जले', असे म्हणत. नवव्या शतकातील लेखनात तेच स्थान 'विसिबाडा' म्हणून येते; त्याचा उत्तरांश 'स्नान' या अर्थाचा आहे. नाव प्रथम पाण्यावरून पडले, पुढे स्नानावरून.

कोकणातही ठाण्यापासून राजापूरपर्यंत उष्ण झऱ्यांची रांगच आहे. तेथील नामकरणात मात्र प्राधान्य मिळाले ते उष्णतेला. सं. 'उष्ण' > प्रा. 'उण्ह' > म. 'उन्ह', 'ऊन' हा विकास सुपरिचित आहे. पालीजवळील उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे व राजापूरनजीकचे उन्हाळे या ग्रामनामांचा पूर्वांश हाच होय. त्यांत महाप्राण टिकला आहे. खानदेशातील उनपदेव या नावात तो लोपलेला दिसतो.

याउलट तानसाकाठची वज्रेश्वरी. वसईच्या विजयानंतर (१७३९) चिमाजी अप्पांनी नवसाप्रमाणे तेथे देवालय बांधविले. झरे तेथेही आहेत. परंतु स्थलनाम देवतेचे असल्याने त्यात उष्णोदकाची खूण उरलेली नाही. तात्पर्य, नावातील खूण हा पुरावा होय. खुणेचा अभाव हा पुरावा नव्हे. म्हणूनच स्थलनामांच्या अभ्यासकाने फलकावरील लेखनावर विसंबून न राहता ग्रामस्थांच्या मुखीचा उच्चार वेळीच टिपून ठेवला पाहिजे. एक 'ह' लोपला, तर नावाचा उगम दाखविणारा दुवाच निखळतो.