हातगुण आणि हात धुणे

वैद्याच्या यशाचे श्रेय मराठी माणूस औषधाइतकेच त्याच्या ‘हातगुणा’ला देतो. औषध तेच, परंतु ते अमक्याच्याच हातचे लागू पडते, ही श्रद्धा रोग्याची असते. वैद्यालाही ती अप्रिय नसते. अशा वेळी याच हाताने मृत्यू वाहून आणला, असे कोणी आकडे मांडून दाखविले तर काय घडते? व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ साली नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कोणती स्त्री कोठे जाणार हे बहुतांशी ती कोणत्या वारी आली यावर ठरे. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली व ४५९ स्त्रिया दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५. हा फरक शहरातील गरीब स्त्रियांना चांगलाच ठाऊक होता. पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत, असे तेथील तरुण साहाय्यक इग्नाझ सेमेलवाइस याने पुढे नमूद केले. वाटेतच बाळंत होऊन मग दाखल होणाऱ्या स्त्रियांना सूतिकाज्वर क्वचितच होतो, हेही त्याच्या ध्यानी आले होते.

१८४७ च्या मार्चमध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून मरण पावला. त्याच्या शवात आढळलेल्या विकृती मृत बाळंतिणींच्या शरीरांतील विकृतींसारख्याच होत्या. विद्यार्थी विच्छेदनगृहातून थेट प्रसूतिकक्षात येत. सुइणी विच्छेदन करीत नसत. साबणाने धुतल्यावरही हाताला शवाचा वास राही. मे महिन्यात सेमेलवाइसने क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये शंभरी अठरा स्त्रिया मरत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनवर आले. ऑक्टोबरात गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीला तपासल्यानंतर हात केवळ साबणाने धुऊन इतरांना तपासले गेले आणि बारांपैकी अकरा बाळंतिणी दगावल्या. तेव्हा शवच नव्हे, जिवंत शरीरही विष पुरविते, हे स्पष्ट झाले. आणि प्रत्येक रुग्णेच्या तपासणीगणिक हात धुणे ओघानेच आले.

या मताला झालेल्या विरोधाची संभावना केवळ अज्ञान म्हणून करणे सोपे आहे. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता, हे खरेच. तथापि खरी अडचण, भाषेच्या अभ्यासकास चटकन उमगेल अशी, कर्त्याची होती. ‘बाळंतीण दगावली’ या वाक्यात मारणारा कोणीच नसतो. दोष हवेकडे, साथीकडे, दैवाकडे जातो. सेमेलवाइसच्या आकड्यांनी त्या वाक्याला कर्ता दिला. त्यातून त्याने स्वतःलाही वगळले नाही, कारण विच्छेदने त्याने पुष्कळ केली होती. कील येथील मिखाएलिस या प्रसूतितज्ज्ञाला हे मत पटले, आणि आपल्या हातून आप्तातील एक स्त्री गेली या जाणिवेने त्याने १८४८ साली आत्महत्या केली. इतरांनी ते न पटवून घेणे पत्करले. सेमेलवाइसनेही त्यांचे काम सुकर केले: त्याचा ग्रंथ निघण्यास १८६१ साल उजाडावे लागले, आणि पाठोपाठच्या अनावृत पत्रांत त्याने प्राध्यापकांना खुनी ठरविले.

वाङ्मयाने या प्रकरणाला दिलेला आकार मात्र वेगळाच आहे. पुढे सेलीन या नावाने कादंबरीकार म्हणून गाजलेल्या देतूश याने १९२४ साली वैद्यकीय पदवीसाठी लिहिलेला प्रबंध सेमेलवाइसवर आहे. त्यात आकडे फुगलेले आहेत. वेड लागलेला नायक अखेरीस विच्छेदनगृहात घुसून स्वतःलाच जखम करून घेतो, हा प्रसंगही चरित्राला धरून नाही. तो १८६५ साली व्हिएन्नातील वेड्यांच्या इस्पितळात, दाखल झाल्यापासून सुमारे दोन आठवड्यांत, चिघळलेल्या जखमेने वारला. प्रबंध म्हणून हे लेखन सदोष, गद्य म्हणून जबरदस्त आहे. परंतु हुतात्म्याच्या कथेत वाचक नेहमीच हुतात्म्याच्या बाजूला उभा राहतो. हात न धुणारा तो आपणच, असे कोणासही वाटत नाही.

जिनीव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ साली निरीक्षण झाले तेव्हा जंतू कोणालाच अपरिचित नव्हते, खलनायकही कोणी नव्हता. तरीही हात स्वच्छ करण्याच्या शंभर प्रसंगांपैकी अठ्ठेचाळीसच पाळले जात होते. परिचारिकांपेक्षा डॉक्टर मागे होते, आणि जेथे निकड सर्वांत अधिक त्या अतिदक्षता विभागात पालन सर्वांत कमी. कारण गद्यमय होते: तासाभरात इतके प्रसंग येत की दर वेळी नळापर्यंत जाणे शक्यच नव्हते. दिदिए पिते व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कोहोलयुक्त द्रावण खाटेशीच ठेवले, कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने भित्तिपत्रके रचून लावली. १९९७ पर्यंत प्रमाण सहासष्टवर गेले. डॉक्टरांच्या वर्तनात मात्र फारसा पालट झाला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितले आहेत. दोन स्पर्शापूर्वीचे व निर्जंतुक कृतीपूर्वीचे, तीन नंतरचे. ठिकठिकाणच्या पाहणींत आढळते ते असे, की रुग्णाला हात लावून झाल्यावर हात धुतले जातात, लावण्यापूर्वीचे धुणे अधिक वेळा राहून जाते. नंतरचे धुणे धुणाऱ्यालाही जपते. आधीचे मुख्यतः खाटेवरच्या माणसासाठी असते. सेमेलवाइसचा नियम प्रसूतिकक्षात शिरतानाचा होता.