लाटा थंडीतच का चमकतात?

नोव्हेंबर 2020 मध्ये जुहू आणि देवगडच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या. ही करामत नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाची: आकार जेमतेम साबुदाण्याच्या कणीएवढा, आणि लाटेने हलवलं की लुकलुकतो. अरबी समुद्रातला नॉक्टिल्युका तर पोटात हिरवं शैवाल पाळतो! शैवाल म्हटलं की ऊन हवंच. मग एप्रिल-मे महिन्यांत नॉक्टिल्युकाचा बहर का नाही? कारण तेव्हा वरचं तापलेलं, हलकं पाणी झाकणासारखं बसतं. नायट्रेटसारखं खत खालीच अडकतं. थंडीत उत्तरेचे कोरडे वारे पृष्ठभाग गार करतात, जड झालेलं पाणी खाली जातं, खत वर येतं. पण थंडीत ऊन पुरतं का? उत्तर युरोपात हिवाळ्यात उजेडाचीच टंचाई. आपल्याकडे डिसेंबरातही दिवस जवळपास 11 तासांचा. म्हणजे इथे किल्ली तापमानाच्या हाती.

“हे सगळं सांडपाण्यामुळे” असं म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. सांडपाण्यातला नायट्रोजन बहराला खतपाणी घालतो, पण गटारं बारा महिने वाहतात. हंगाम ती ठरवत नाहीत. आणि नुसतं खत पुरत नाही, हे पनवेलच्या खाडीकडे बघून कळतं. तिथलं पाणी भरती-ओहोटीने ढवळून इतकं गढूळ होतं की ऊन खोलवर पोचतच नाही.

पनवेल-उरणच्या किनाऱ्यावर थंडीत अशी चमक दिसली, तर तारीख आणि भरतीची वेळ कमेंटमध्ये नक्की लिहा. प्रश्नही विचारा.