इन्सुलिनपूर्वीची उपासमार

एखाद्या रोगावर उपाय सापडण्याच्या थोडे आधी रुग्ण दगावला, की तो नशिबाचा खेळ मानला जातो. परंतु टाइप-१ मधुमेहाचा इतिहास पाहता या दुर्दैवात संशोधनाच्या आणि औषधपुरवठ्याच्या संथ गतीचाही मोठा वाटा होता, असे दिसते. या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, आणि रक्तातील साखर वापरण्यास मदत करणारे हे संप्रेरक, म्हणजे ग्रंथीतून थेट रक्तात मिसळणारे द्रव्य, नसल्यामुळे शरीर चरबी जाळू लागते; त्यातून निर्माण होणारी किटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साचली, की रुग्ण बेशुद्ध होऊन मरण पावतो.

या रोगाने ग्रासलेल्या मुलांसाठी अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी रूढ केलेला उपचार ही जवळजवळ उपासमारच होती. भाज्यांतील पिष्टमय अंश निघून जावा म्हणून त्या तीनदा उकळून दर वेळी पाणी टाकून दिले जाई, आणि भूक अनावर होऊन एका अंध मुलाने टूथपेस्ट व कॅनरी पक्ष्याचे दाणे खाल्ल्याचीही हकिगत नोंदलेली आहे. या आहाराने रोग बरा होत नसे, मृत्यू केवळ लांबणीवर पडे, आणि काही रुग्णांचा तर भुकेनेच बळी घेतला.

वास्तविक, स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या संशोधकांनी १८८९ मध्येच दाखवले होते. बर्लिनचे गेऑर्ग झ्युल्झर यांनी त्यानंतर काही वर्षांनी स्वादुपिंडाचा अर्क रुग्णांना टोचूनही पाहिला, परंतु त्याचे दुष्परिणाम तीव्र असल्याने तो प्रयत्न मागे पडला. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आला, तेव्हाही अशुद्धतेमुळे अपेक्षित गुण आला नाही. त्यांचे सहकारी कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क, म्हणजेच इन्सुलिन, २३ जानेवारीपासून दिल्यावर मात्र त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली. तरीही मोठ्या प्रमाणावर उत्पादन करताना शुद्धीकरणाची कृती काही काळ जमेनाशी झाली, आणि उपाय ठाऊक असूनही पुढील काही महिने तो मोजक्याच रुग्णांच्या वाट्याला आला.

अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज ही अ‍ॅलन यांच्या आहारावर तग धरून ऑगस्ट १९२२ मध्ये बँटिंग यांच्याकडे पोहोचली, तेव्हा तिचे वजन जेमतेम २० किलो होते. इन्सुलिनच्या आधारे ती १९८१ पर्यंत जगली. ज्या उपासमारीने तिला हा दिवस दाखवला, तीच सोसून इतर अनेक मुले त्याआधीच गेली होती, आणि उपचार करणाऱ्यांना कोण तगेल आणि कोण नाही, हे आधी कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. शोध कधी लागेल हे कोणाच्या हाती नसते, परंतु लागलेला शोध रुग्णापर्यंत किती लवकर पोहोचावा, हे बऱ्याच अंशी समाजाच्या हाती असते. म्हणूनच आजही गरीब देशांत इन्सुलिनवाचून मरणाऱ्या मुलांच्या बाबतीत नशिबाला बोल लावता येत नाही.