ईसीएम गेला, असं आपण कशावरून म्हणतो?

मागच्या वेळी आपण शेषवत् अनुमानापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका बागायतदारांनी आम्हाला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, तो तुमचा डोंगर आणि तो धूर पुरे झाला आता. माझी पिकअप रस्त्यात बंद पडते, मेस्त्री म्हणतो ईसीएम गेला, बदला. ह्यावर तुमचा न्याय काय म्हणतो ते सांगा." त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता, आणि ह्या विषयात आमचे स्वतःचे पैसे गेलेले आहेत. तेव्हा आज धूर नाही, पिकअप.

आधी ही वस्तू काय ते बघू. कोणी ईसीयू म्हणतं, कोणी ईसीएम, गॅरेजमधली पोरं सरळ 'कॉम्प्युटर' म्हणतात. ॲल्युमिनियमची चपटी डबी, तिला एक-दोन मोठे कपलर, त्यांत मिळून शंभरच्या आसपास पिना. जुन्या डिझेल इंजिनात किती डिझेल कधी सोडायचं हे पंपातली यंत्रणाच ठरवायची. कॉमन रेल आलं आणि ते काम ह्या डबीकडे गेलं. प्रवासी मोटारींमध्ये ते पहिल्यांदा आलं १९९७ मध्ये, अल्फा रोमिओ १५६ मध्ये. आपल्याकडे आता साध्या मालवाहू पिकअपलाही तेच असतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे ६७ वेळा डिझेल सोडावं लागतं, आणि त्या प्रत्येक वेळेचेही बारीक भाग पाडलेले असतात. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस-४ आणि २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झाल्यावर ह्या डबीवाचून गत्यंतरच उरलं नाही.

ही डबी स्वतः काही बघत नाही. तिला कळतात ते फक्त व्होल्ट. क्रँक किती फिरला, रेलमध्ये दाब किती, पाणी किती तापलं, पाय पेडलवर किती दाबलाय, सगळं सेन्सरकडून येतं. बऱ्याच सेन्सरना डबीच पाच व्होल्टचा पुरवठा करते आणि परत काय येतं ते मोजते. आणि मोजते कशाच्या तुलनेत? स्वतःच्या शून्याच्या. म्हणजे अर्थच्या. हा 'शून्य' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमची गोष्ट. पावसच्या बाजूला घरची थोडी कलमं आहेत. पुतण्या बाग आणि गाडी दोन्ही बघतो. एका एप्रिलमध्ये पेट्या भरून गाडी निघाली, ती हातखंब्याला पोचायच्या आतच बंद. चेक इंजिनचा दिवा लागला, इंजिन दोन आचके देऊन थांबलं. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर चालू! असं आठवड्यात तीनदा झालं. वाशीच्या बाजारात माल पहाटे पोचायला हवा, रस्ता तीनशेच्या वर किलोमीटर, आणि पिकू लागलेला हापूस कुणासाठी थांबत नाही. पुतण्याने स्कॅन करून घेतलं. एकाच वेळी चार सेन्सरचे दोष निघाले. गॅरेजवाल्याचा तर्क असा: चार सेन्सर एकदम कसे जातील? इंजिन ठीक, डिझेल ठीक, बॅटरी नवी. राहिलं काय? ईसीएम.

हे शुद्ध परिशेष अनुमान आहे. जेवढ्या शक्यता, त्यातल्या एकेक खोडत जायच्या आणि उरते ती घ्यायची. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन शेषवत् चा एक अर्थ हाच देतो. ह्यात गैर काहीच नाही. पण ह्या अनुमानाचं सगळं बळ त्या यादीत असतं. यादी अपुरी असेल तर उरलेली गोष्ट खरी म्हणून उरलेली नसते. आपल्याला दुसरं काही सुचलं नाही म्हणून उरलेली असते. गॅरेजवाल्याच्या यादीत वायरिंग नव्हतं, अर्थ नव्हता.

ईसीएम बदलला. रक्कम पाच आकडी. गाडी आठ दिवस झकास चालली, आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. आम्ही त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून राहिलो; आज जे सांगतोय त्यातलं बरंचसं तिथलं आहे. त्यांनी स्कॅनर बाजूला ठेवला आणि विचारलं, "गाडीवर वेल्डिंग कधी केलंत?" हंगामाच्या आधी पेट्यांसाठी मागे लोखंडी फ्रेम मारून घेतली होती, चेसिसला रंगही दिला होता. रंग देताना अर्थच्या वायरीची लग काढली आणि परत बसवली ती रंगावरच. खाली पकड नावापुरती. खड्डा आला की शून्य हलायचा, आणि शून्य हलला की सगळ्याच सेन्सरची मापं एकदम चुकायची. ईसीएम बदलताना हार्नेस ओढला गेला, लग जराशी फिरली, म्हणून आठ दिवस बरे गेले. बोल्ट काढला, जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, आवळला, वरून ग्रीस. विषय संपला. (पैसे परत मिळाले का, हे विचारू नका.)

तर्कात चूक कुठे झाली? 'अनेक सेन्सरचे दोष एकदम' हा हेतू जिथे ईसीएम बिघडलाय तिथे दिसतोच. पण अर्थ सुटलाय तिथेही दिसतो, आणि पाच व्होल्टच्या वायरीवर एखादाच सेन्सर शॉर्ट होऊन बाकीच्यांना खाली ओढतोय तिथेही दिसतो. साध्य नाही तिथेही जो सापडतो, त्या हेतूला आपण सव्यभिचार म्हणतो. आणि दुसरी चूक, नवा बसवल्यावर गाडी चालली म्हणजे जुना खराब होता, ही. डबी बदलताना आपण फक्त डबी बदलत नाही. बॅटरी सोडतो, कपलर काढून लावतो, वायरी हलवतो. गुण ह्यातल्या कशानेही येऊ शकतो.

स्कॅनरच्या कोडबद्दलही थोडं. कोड हा शब्दप्रमाणाचा मामला आहे, आणि साक्षीदार कोण? तोच, ज्याच्यावर आरोप आहे! कोड सांगतो 'ह्या तारेवर व्होल्ट कमी दिसले'. 'सेन्सर खराब' हे आपण त्यात घालतो. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कपलर, पिन आणि डबी, सगळं आलं. पी ०६०६ हा मात्र प्रोसेसरचाच दोष सांगणारा कोड. तरी तोसुद्धा पुरवठा तपासल्याशिवाय मानू नये, असं त्या वायरमनचं मत.

मग आधी काय बघायचं? सेल्फ मारताना बॅटरी साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मेन रिले आणि फ्यूज. मग अर्थ, आणि इथे एक गंमत आहे. मीटर ओहमवर लावून अर्थ तपासू नका. दहा तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटर शून्य दाखवतो, कारण तो भार टाकतच नाही. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीएमच्या अर्थ पिनेला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. एक-दोन दशांश व्होल्टच्या वर फरक दिसला तर अर्थ खराब. मग पाच व्होल्ट. ते पडलेले असतील तर त्या वायरीवरचे सेन्सर एकेक करून सोडायचे. एखादा सोडल्याबरोबर पाच परत आले, तर चोर सापडला. शेवटी कपलर उघडून हिरवट गंज आहे का बघायचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिवाय बारा महिने खारा वारा. पाणी तर वायरीच्या आतून, वातीतून तेल चढावं तसं, कपलरपर्यंत येतं.

म्हणजे ईसीएम जातच नाही असं नाही हं. जातो. आत पाणी शिरतं, उष्णतेने आणि हादऱ्यांनी सोल्डर तडकतं, उलट्या जोडलेल्या जंपर केबलने जळतो, बॅटरी न सोडता केलेल्या वेल्डिंगने जातो. पुष्कळदा बाहेरच्या शॉर्टमुळे आतला एक ट्रान्झिस्टर जळतो. तो शॉर्ट तसाच ठेवून नवी डबी लावली की तीही त्याच वाटेने जाते. पुरवठा ठीक, अर्थ ठीक, सेन्सर सोडूनही पाच व्होल्ट येत नाहीत, किंवा सगळं असून स्कॅनरला डबी उत्तरच देत नाही आणि मधल्या वायरीही शाबूत आहेत. अशा वेळी परिशेषाला वजन येतं. बदला खुशाल.

बदलणं म्हणजे मात्र बल्ब बदलणं नव्हे. डबीवरचा पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळायला हवा. नवी डबी कोरी असते. तिच्यात त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर, गाडीचा चेसिस नंबर, इमोबिलायझरसाठी चावीची ओळख, हे सगळं भरावं लागतं. प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो, कारण कारखान्यातून निघालेले दोन इंजेक्टर कधीच अगदी सारखे नसतात. ते कोडही भरावे लागतात, नाहीतर गाडी धडधडते. बीएस-६ गाडीत धुराच्या फिल्टरमध्ये किती काजळी आणि राख साठली ह्याचा हिशेब जुन्या डबीत असतो. तो नव्या डबीत आणला नाही तर ती भरलेला फिल्टर रिकामा समजून चालते. म्हणून जुनी डबी बोलती असेल तोवर हे सगळं वाचून ठेवावं. भंगारातून आणलेली डबी स्वस्त, पण ती दुसऱ्याच गाडीची चावी ओळखते. जुन्या डबीतला डेटा तिच्यात क्लोन करून देणारे लोक असतात. आणि बोर्डच दुरुस्त होत असेल तर तो पर्याय आधी विचारा; त्यात ही भराभरी बहुतेक वेळा टळते.

इथे तुमच्यापैकी कुणाला राजा मिलिंद आणि नागसेन आठवले असतील. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. आमच्या पिकअपचं चाक बदललं तर चावीला काही कळत नाही, पण ही डबी बदलली की चावी गाडीला ओळखेनाशी होते. नागसेनाच्या रथात असा सुटा भाग नव्हता. त्यावर स्वतंत्र बोलू कधीतरी.

राहिलं ते अन्वय-व्यतिरेकाचं. नवी लावल्यावर चालते, हा अन्वय झाला. व्यतिरेकासाठी जुनी परत लावून बघायला हवी. क्लोन केलेली डबी असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. जुनी लावल्यावर दोष परतला, नवी लावल्यावर गेला, असं दोनदा झालं तर आम्ही मानू. आमची जुनी डबी आम्ही नंतर एका बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे टेबलावर तपासून घेतली. निर्दोष निघाली. सध्या ती आमच्या पुस्तकांच्या कपाटात, न्यायकोशाच्या शेजारी आहे.

ते बागायतदार आज आले आहेत का? मागे बसलात होय. तुमच्या गाडीवर वेल्डिंग कधी झालं होतं, ते आठवून ठेवा. चहाच्या वेळी बोलू.