बाण लागूनही हरवलेली टर्की: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तर अमेरिकेतील रानटी टर्की हा दिवसा जमिनीवर चरणारा आणि रात्री झाडावर मुक्काम करणारा मोठा पक्षी विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळे अमेरिकेच्या बहुतेक प्रदेशांतून नाहीसा होत चालला होता. पुढे रानातील पक्षी पकडून अन्यत्र सोडण्याच्या दीर्घ मोहिमांमुळे त्याची संख्या शतकाअखेर 50 लाखांपलीकडे गेली. आज तेथील राज्ये ठरवून दिलेल्या हंगामात परवाना घेऊनच त्याची शिकार करू देतात. धनुष्यबाणाने होणाऱ्या शिकारीत जखमी पक्षी हाती न लागणे ही अत्यंत क्लेशदायक गोष्ट असून, तिच्या मुळाशी बरेचदा पुढील समजुती असतात.

गैरसमज : पक्षी एवढा मोठा असल्याने बाण कुठेही लागला तरी चालतो.

वस्तुस्थिती : प्रौढ नराचे वजन साधारणतः 7 ते 11 किलो असले, तरी पिसारा फुलवलेल्या नराचा दिसणारा आकार बराचसा निव्वळ पिसांचा असतो आणि हृदय व फुफ्फुसे जेमतेम मुठीएवढ्या जागेत सामावलेली असतात. पक्षी आडवा उभा असताना पंख धडाला जुळतो त्या जागेचा नेम धरतात. तो वळला की ही खूणही बदलते.

गैरसमज : हरणाप्रमाणे टर्कीचाही माग रक्ताच्या थेंबांवरून काढता येतो.

वस्तुस्थिती : ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या टोकाला बसवलेले धारदार पाते, रक्तवाहिन्या कापून प्राण घेते, परंतु टर्कीची दाट पिसे रक्त शोषून घेतात आणि पक्षी उडाला तर जमिनीवर काहीच उरत नाही. म्हणूनच तो कोणत्या दिशेला गेला, त्याचा पंख लोंबत होता काय, कोणत्या झाडापाशी तो दिसेनासा झाला, हे तत्क्षणी ध्यानात ठेवणे आणि नंतर बाण व गळालेली पिसे तपासणे, हाच खरा माग होय.

गैरसमज : जखमी पक्ष्याच्या मागे लगेच धावावे.

वस्तुस्थिती : पक्षी जागीच कोसळून फडफडत असेल तर त्वरेने जाणे योग्य, पण तो चालत निघाला असेल, तर पाठलागामुळे तो आणखी दूर पळतो, कारण पाय शाबूत असलेली टर्की माणसापेक्षा वेगाने धावते. अशा वेळी निश्चल राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि काही वेळाने झुडपे, पडलेली खोडे व ओढ्याचे काठ बारकाईने धुंडाळावेत. जखमी टर्की तेथे इतकी निपचित बसते की शोधणारा तिच्या अगदी जवळून पुढे निघून जाऊ शकतो.

गैरसमज : न सापडलेला पक्षी बरा होतो, त्यामुळे शोध सोडून देण्यास हरकत नाही.

वस्तुस्थिती : मांसातील उथळ जखम भरून येऊ शकते, पण पोटात बाण लागलेला पक्षी बहुधा वेदना सोसत मरतो. अनेक राज्यांत जखमी सावज मिळवण्यासाठी वाजवी प्रयत्न करणे कायद्यानेच बंधनकारक असून, ते परक्याच्या जमिनीत शिरले असल्यास मालकाची परवानगी घ्यावी लागते.

या साऱ्यावरून स्पष्ट होते की शोधाचे कष्ट कितीही घेतले तरी ते चुकीच्या बाणाची भरपाई करू शकत नाहीत. अंतर जास्त असेल, पक्षी चालता असेल किंवा नेमाची जागा दिसत नसेल, तर बाण न सोडणे हेच शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.