घरातल्या टँकमधला पाकट मासा जखमी झाला, तर आधी काय करायचं?

२०१३ चं गणेश विसर्जन अनेक मुंबईकरांना आठवत असेल. गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या भाविकांना पाकट माशांनी काटे मारले आणि कित्येकांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तेव्हापासून पाकट म्हणजेच स्टिंगरे म्हटलं की आपल्याला त्याची भीतीच आठवते.

पण याच माशाचे गोड्या पाण्यातले भाऊबंद आज लोकांच्या हॉलमधल्या काचेच्या टँकमध्ये पोहतायत. हे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले मासे. तपकिरी अंगावर पिवळसर गोल ठिपके असलेला मोटोरो आणि काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला, ब्राझीलच्या शिंगू नदीतला लिओपोल्डी हे त्यातले विशेष लोकप्रिय.

आता प्रश्न असा, की हा मासा स्वतःच जखमी झाला तर? बहुतेक जण आधी औषधाच्या बाटलीकडे धावतात. नेमकी तिथेच मोठी चूक होऊ शकते.

जखम होते कशी?

पाकट तळाशी पडून राहतो, वाळूत अंग पुरून घेतो. त्यामुळे धोकेही तळाशीच असतात. उघड्या हीटरला टेकून बसल्यामुळे भाजणं, टोकदार दगड किंवा खरखरीत खडीने पोट सोलवटणं ही नेहमीची कारणं. काच साफ करायला ठेवलेला प्लेको मासा कधीकधी पाकटाच्या पाठीवर चिकटून त्याचा चिकट थर खरवडतो. विणीच्या काळात नर मादीच्या कडांना चावतो, तेही व्रण दिसतात.

एक गोष्ट मात्र जखम नाही. तळाशी शेपटीचा काटा पडलेला दिसला तर घाबरू नका. पाकट जुना काटा टाकतो आणि त्या जागी नवा येतो. पण पडलेला काटाही उघड्या हाताने उचलू नका.

पहिलं काम : पाणी तपासा

पाकटाच्या अंगावर नेहमीच्या माशांसारखे खवले नसतात. त्याचं संरक्षण करतो तो त्वचेवरचा चिकट थर. जखम झाली की तिथे हा थर तुटतो आणि घाण पाण्यातल्या जंतूंना वाट मिळते. त्यात हा मासा खातो भरपूर आणि घाणही भरपूर करतो, त्यामुळे पाण्यात अमोनिया पटकन वाढतो.

म्हणून आधी टेस्ट किट काढा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. तापमान साधारण २६ ते २८ अंश सेल्सिअस ठेवा. पुढचे काही दिवस रोज २० ते २५ टक्के पाणी बदला. नळाचं पाणी थेट ओतू नका, त्यातलं क्लोरीन आधी घालवा आणि तापमान टँकइतकंच ठेवा.

पाणी स्वच्छ असेल आणि खायला नीट मिळालं, तर वरवरच्या जखमा अनेकदा औषधाशिवायच भरून येतात.

मासा हलवायचा की सोबती?

शक्यतो सोबतीच हलवा. पकडण्याच्या धडपडीत पाकटाला ताण येतो आणि नवी जखम होऊ शकते. टोकदार सजावट काढा, हीटरला जाळीचं कव्हर लावा, दिवा मंद करा.

हलवणं भागच असेल तर जाळं वापरू नका. काटा जाळ्यात अडकतो आणि मासा आणखी जखमी होतो. मोठा प्लॅस्टिकचा टब पाण्यात बुडवून पाकटाला हळूच त्यात सरकवा आणि पाण्यासकटच उचला.

औषध का नको?

अनेक माशांना चालणारी औषधं पाकटाला चालतीलच असं नाही. तांबं असलेली औषधं, फॉर्मेलिन, मॅलकाइट ग्रीन यांनी त्याच्या जिवावर बेतू शकतं.

मिठाचंही तसंच. समुद्रातले पाकट रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी जुळवून घेतात. गोड्या पाण्यातल्या या पाकटांनी ती क्षमता गमावली आहे. त्यामुळे कुणीतरी सांगितलं म्हणून अंदाजाने मूठभर मीठ टाकू नका.

डॉक्टर कधी गाठायचा?

जखमेवर कापसासारखा पांढरा थर आला, लाली पसरत गेली, माशाने खाणं सोडलं किंवा अंगाच्या कडा वर वळू लागल्या, तर थांबू नका. कडा वळणं हे मासा गंभीर संकटात असल्याचं लक्षण मानलं जातं. माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला जखमेचे फोटो आणि पाण्याचे आकडे दाखवा. त्यांनी पाण्यात टाकायचं औषध दिलं, तर फिल्टरमधला कार्बन काढायचा का हेही विचारा, कारण कार्बन औषध शोषून घेतो.

आणि काटा तुम्हालाच लागला तर?

विष उष्णतेने निष्प्रभ होतं, म्हणून जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, ३० ते ९० मिनिटं बुडवतात. आधी दुसऱ्या हाताने पाणी तपासा, नाहीतर भाजेल. त्यानंतर हॉस्पिटलमध्ये जाच. आत काट्याचा तुकडा राहिलेला असू शकतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागू शकतं. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपसू नका, तसंच लगेच हॉस्पिटल गाठा.

बरा झाल्यावर?

जखम झालीच कशी, हे शोधा. बऱ्याचदा उत्तर एकच असतं : टँक लहान. मोटोरो अर्ध्या मीटरपेक्षा रुंद होऊ शकतो. तीन फुटी टँकमध्ये त्याला वळायलाही जागा उरत नाही, मग तो हीटरला, दगडाला, काचेला घासत राहतो.

सांभाळणं जमत नसेल तर मोठा टँक असलेल्या अनुभवी पाळणाऱ्याकडे द्या, पण नदीत किंवा तलावात सोडू नका. सिंगापूरच्या जलाशयांमध्ये मोटोरोने आपलं बस्तान बसवलं आहे. तिथे तो स्वतःहून पोहत गेला नव्हता, माणसांनीच नेला होता.